चारशे तीस अंशांवर

महापे. रात्रीचे पावणेबारा.
सिलिका जेल निळ्याचं गुलाबी व्हायला लागलंय,
म्हणजे खाडीची दमट हवा शिरतेय कुठूनतरी.
हरेश्वर मढवी नळीच्या सांध्यावरून बोट फिरवतात,
जाळ्यातलं भोक शोधावं तसं.
आर्गॉनचा एक बुडबुडा. मग दुसरा.
"धरला, मॅडम. चढवा आता."

नळीत लेड फ्लोराइडची वडी,
पाच रुपयांच्या नाण्याएवढी,
दोन्ही गालांना प्लॅटिनमची तार.

तीनशे. तीनशे वीस.
पडद्यावरचं अर्धवर्तुळ लहान होतंय,
आणखी लहान.
आत कुणीतरी चालायला लागलंय.

मढवींना मी एकदा ओट्यावर खडूनं काढून दाखवलं होतं:
चौकोनी खोल्या, खोलीला खोली लागून,
कोपऱ्याकोपऱ्यात फ्लोरिन.
एकाआड एक खोलीत मधोमध शिसं बसलेलं, जड.
उरलेल्या खोल्या रिकाम्या.
"म्हंजे सिडकोच की," ते म्हणाले होते,
आणि ओल्या फडक्यानं ओटा पुसून टाकला होता.

थंड असताना सगळे आपापल्या कोपऱ्यात थरथरतात,
कोपरा सोडत नाहीत.
ताप वाढला की एखादा उठतो.
त्याच्यामागे भोक राहतं,
त्यात शेजारचा सरकतो,
शेजारच्याच्या जागी त्याचा शेजारी,
आणि मूळचा कोण कुठला हे कुणी विचारत नाही.
फ्लोरिनच्या दारावर पाटी नसते.

नऊ वर्षांत मी सहा घरं बदलली.
अकरा-अकरा महिन्यांचे करार.
घणसोली, कोपरखैरणे, परत घणसोली, समोरची बिल्डिंग.
एका घरात कपाटाच्या दाराआड
कुणाच्या तरी मुलाची उंची, पेन्सिलीच्या रेघांत,
शेवटची रेघ माझ्या कोपरापाशी थांबलेली.
एका घरी दोन वर्षं गॅसचं बिल
चंद्रात्रे नावाच्या बाईंच्या नावानं यायचं.
मी भरत राहिले.
माझ्या नावानं आता कुठे काय येत असेल?

चारशे दहा.
मला आधी वाटायचं,
उठलेला फ्लोरिन मधल्या रिकाम्या खोलीत जात असेल.
केवढी जागा! ना शिसं, ना शेजार.
पण हिशेब म्हणतात, नाही.
तिथे कुणी टिकत नाही.
सगळी धावाधाव
नुकत्याच सुटलेल्या कोपऱ्यांसाठी.

आमच्या मागच्या टॉवरचे चौथ्यापासून अकरापर्यंतचे मजले
मी राहायला आले तेव्हापासून अंधारात आहेत.
खिडक्यांच्या काचांवरचा निळा कागदही काढलेला नाही.
वॉचमन म्हणतो, गुंतवणूक आहे.

चारशे तीस.
अर्धवर्तुळ गेलं. एक तिरकी रेघ उरली.
आता फ्लोरिनचं जवळजवळ पाणी झालंय
आणि शिशाचा सांगाडा जिथल्या तिथे.
वडी वडीच आहे, कडा शाबूत;
वितळायला अजून चारेकशे अंश बाकी.
काचेतून बघणारा म्हणेल,
काही घडलंच नाही.

"शिसा काय करतो तवा?" मढवी विचारतात.
"थरथरतं. जागेवरच."

ते जरा वेळ गप्प.
त्यांचं घर घणसोली गावात, आजोबांच्याही आधीचं.
मिठागर गेलं, शेत गेलं, घर राहिलं.
त्यावर तीन मजले चढले, खोल्या भाड्यानं दिल्या.
तिथली माणसं ते आडनावानं नाही,
खोलीच्या नंबरानं ओळखतात.

"पन ताप त्याला पन तेवराच ना?"

तेवढाच, म्हणाले मी.
हा प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारला नव्हता.

बारा बावन्न. नोंद केली.
भट्टी बंद केली.
आता निवताना सगळे कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात बसतील,
आपल्याच असं नाही.

मढवी आर्गॉनची चावी पिळत होते.
"तुमचा करार कदी संपतो?"
"फेब्रुवारीत."
"आमची वरची खोली सुटतंय," ते म्हणाले,
चावीकडेच बघत.
"पानी साडेसहाला येतं सकाली."