जीव भांड्यात

पुलाच्या अलीकडचं तिसरं दुकान आमचं.
छताला कठपुतळ्या: राजे, चेटकिणी, दात पडलेला सैतान,
आणि हिरव्या कोटातला जलपुरुष,
ज्याच्या कोटाच्या टोकातून म्हणे कायम पाणी ठिबकतं.
गिऱ्हाईक विचारतं, याच्या हातात पेला कसला?
मी सांगते, व्लतावात बुडालेल्यांचे जीव
हा उलट्या पेल्याखाली झाकून ठेवतो.
लोक हसतात. किंमत विचारतात.

अठराशे चाळीस कोरुना.

वेल्सहून आलेल्या प्रॉसरबाईंनी तोच घेतला.
सदतीस वर्षं शाळेची बस चालवली म्हणाल्या.
नातू पाण्याला भितो, त्याच्यासाठी.
मी म्हटलं, मग हा कशाला?
म्हणाल्या, भीती खुंटीला टांगली
की रोज दिसते, ओळखीची होते.

कार्ड टेकवलं. यंत्र जरा घुटमळलं
आणि उगवले दोन चौकोन.
वरचा हिरवा, ऐसपैस: अडुसष्ट पौंड नव्वद.
खालचा करडा, अंग चोरून बसलेला: कोरुना, अठराशे चाळीस.
सकाळच्या दरानं त्रेसष्ट पौंड होतात, फार तर साडेत्रेसष्ट.
हे मला पाठ आहे.

मालक वाव्रुष्का यांची शिकवण पहिल्या दिवसापासूनची:
यंत्र आपल्याकडे वळवून धर,
हिरवं तूच दाब.
विचारलं की माणूस विचार करतो.
वरच्या फरकातला तुकडा दुकानाला मिळतो,
त्यातूनच तुझा डिसेंबरचा बोनस.
आणि लपवतोय कोण? पावतीच्या तळाशी
मुंग्यांच्या रांगेसारखं सगळं लिहिलेलं असतं.

दाबलं मी.
दोन उन्हाळे दाबलं.
त्या बोनसमधून बूट घेतले, चांगले, अजून टिकलेत.

मग मार्चमध्ये बहिणीकडे गेले, ग्दान्स्कला.
रात्रीचे साडेअकरा, स्टेशनात चिटपाखरू नाही,
फोनला दोन टक्के, टॅक्सीवाला रोख मागतोय.
कोपऱ्यात एक एटीएम.
पाचशे झ्लोटी मागितले, आणि पडद्यावर
चक्क चेक अक्षरं!
किती कोरुना कापले जातील, अगदी हेलरपर्यंत,
आपल्या माणसानं सांगावं तसं.
स्वीकारता का? हो, हो.
माझा जीव भांड्यात पडला.

भांडं उलटं होतं
हे महिन्यानं कळलं, बँकेचा कागद आला तेव्हा.
साडेतीनशे कोरुना.
बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली,
अगं, तू तर याच धंद्यात आहेस.

प्रॉसरबाई चष्मा शोधत होत्या.
मी यंत्र त्यांच्याकडे फिरवलं,
करड्या चौकोनाशी बोट नेलं. इथं.
त्या म्हणाल्या, पण पौंडच बरे ना? निदान कळतात तरी.
कळतात म्हणूनच, मी म्हटलं.
कुठंही गेलात तरी तिथल्याच पैशात द्या.
आणि चौकातल्या त्या पिवळ्या एटीएमला हात लावू नका,
पोस्टाशेजारी खऱ्या बँकेचं आहे.
तिथंही दर दाखवून लाडीगोडी लावतील. नको म्हणा.
तुमची बँक वर आपले तीन टक्के लावत असेल,
त्याला माझा इलाज नाही, ते घरी जाऊन भांडा.

बाई गप्प.
मग म्हणाल्या, पिवळ्यातूनच काढले. काल. दोनदा.

आतल्या खोलीत मालकांची खुर्ची करकरली.

बाईंनी दाबलं. बोट जरा थरथरलं,
बस चालवलेलं बोट, तरी.
जलपुरुषाला मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं.
पेला वेगळा निघतो त्याचा,
तो सरळ ठेवून बांधला, तोंड वर.

पावती आली, नेहमीपेक्षा आखूड.
तळाशी मुंग्या नव्हत्या.