पगारी नाक

एकतीस वर्षं मी वास घेण्याचा पगार घेतला.
तुर्भ्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
कागदाची पांढरी पट्टी बाटलीत बुडवून
नाकाखालून फिरवायची आणि वहीत लिहायचं:
मोगरा, बरा. गुलाब, पातळ. चंदन, परत पाठवा.
कितीतरी घरांतल्या साबणाच्या वडीवर
माझी सही आहे. दिसत नाही, इतकंच.

निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा नाक गेलं.
आधी हिंग गेला, मग रॉकेल,
मग एका मंगळवारी मोगरा.
सांगितलं नाही कुणाला.
शेजारच्या टेबलावर फिलोमिना तीच पट्टी हुंगायची,
मी तिच्या भुवया बघून शेरे लिहायचे.
एकही बॅच परत आली नाही.

आता कोपरखैरण्याच्या या बैठ्या घरामागे
गटाराच्या झाकणापासून भिंतीपर्यंत
चार हात जागा आहे.
भरावाची माती, विटांचे तुकडे, एक चमचा, खाली खाडी.
"काय नाय यायचं," भिंतीपलीकडून हिराजी मढवी म्हणाले,
"आमच्या आज्याचं मिठागर व्हतं इथं."

घोडबंदरच्या नर्सरीत हनीसकल मागितलं
तर पोऱ्याने मधुमालती पुढे केली.
"एकच हाय मॅडम, नाव वेगळं."
एकच नाही रे बाबा.
ती पांढऱ्याची लाल होते.
मला हवी ती पांढऱ्याची पिवळी होणारी,
जोडीजोडीने उमलणारी,
जिचं नाव मी वीस वर्षं ड्रमवर वाचलं
आणि जिला कधी बघितलं नाही.
तिसऱ्या खेपेला मिळाली. वीतभर. दोनशे चाळीस रुपये.

पाऊण वर्ष नुसती उभी होती.
मुळाशी सावली हवी म्हणून फुटकी फरशी ठेवली,
तांदळाचं धुवण घातलं,
नायलॉन काचतं म्हणून जुन्या परकराची नाडी
पाइपाला बांधून दिली.
मी एका बाजूने गुंडाळायची;
सकाळी बघावं तर सोडवून घेतलेलं,
उलट दिशेने आपलं आपण सुरू.
मी रागावले एकदा. मग नाडी तेवढी सैल केली.

आणि मार्चमध्ये, दिवेलागणीला, दोन फुलं.
वाकून नाक लावलं.
पाण्याला असतो तेवढाच.

भिंतीपलीकडे मढवी फोनवर कुणावर तरी ओरडत होते,
मध्येच थांबले.
भुवया वर नाही गेल्या, खाली आल्या,
ओठ जरासे सुटले.
ही खूण मला पाठ आहे.
फिलोमिनाची अशी मी तीनदाच पाहिली असेन,
तिन्ही वेळा "उत्तम" लिहिलं होतं.

त्यांची नात भार्गवी भिंतीवर चढून बसली.
कसा येतो गं?
"कसा म्हणजे?"
म्हणजे कशासारखा?
तिने पाय हलवले. विचार केला. पुन्हा हुंगलं.
"लाइट गेल्यावर येतो तसा."

एकतीस वर्षांच्या वह्यांत
असा रकाना नव्हता.
लाइट गेल्यावर काय येतं?
शेजारचे बाहेर येतात. कुणीतरी हसतं.
कुठल्यातरी घरात मेणबत्ती सापडत नाही.

तिला मी एक फूल खुडून दाखवलं:
बुडाशी नखाने अलगद तोडायचं,
आतली दोरी खाली ओढायची,
शेवटी लोंबतो तो थेंब जिभेवर.
माझ्याही जिभेवर एक.
गोड. टाचणीच्या डोक्याएवढं गोड,
आणि गेलं सुद्धा.

रात्री वारा तुर्भ्याकडून फिरला असणार,
कारण गल्लीतल्या खिडक्या एकेक बंद झाल्या.
माझी उघडीच राहिली. मला काय.
बॅटरी घेऊन मागे गेले.
एक जाडसा पतंग
फुलापुढे हवेत थांबून सोंड लावत होता,
पंख दिसतसुद्धा नव्हते, इतक्या घाईत.
त्याला उजेड दाखवला नाही.

भार्गवीने अकरा फुलं ओरबाडलीत.
उद्याच्या कळ्या मोजल्या: चौदा.
शेंड्याला मावा धरलाय.
सकाळी निंबोळीचं तेल आणायला हवं.
त्याला म्हणे भयंकर वास असतो.