नमुना आठ

वडाळ्याच्या आरटीओबाहेर,
झेरॉक्सवाला आणि पासपोर्ट फोटोवाला
यांच्या मधल्या चार फुटांत माझं टेबल.
शाळेतूनच आणलेलं, दुसरीच्या वर्गातलं,
गुडघे आत मावत नाहीत.
मागे बॅनर : मतदार नोंदणी विशेष शिबिर.
वारा आला की 'मतदार' दुमडतो
आणि नुसतं 'नोंदणी विशेष' उरतं.

कल्पना वरच्या ऑफिसातल्या कुणाची तरी :
लायसन्सला येणाऱ्याच्या पिशवीत सगळं असतंच की,
जन्मतारीख, पत्ता, फोटो
आणि अख्खा मोकळा दिवस.
पिशवीचं बरोबर निघालं. दिवसाचं नाही.
माणसं रांगेतला नंबर धरून उभी,
माझ्याकडे बघतात
फुटपाथवर कान कोरून देणाऱ्याकडे बघावं तशी.

अकरापर्यंत तीन फॉर्म.
त्यातला एक सायलीचा, माझीच विद्यार्थिनी,
हातात कोरं लर्निंग लायसन्स, ओठांवर लिपस्टिक.
पत्त्यात तिनं 'शीवडी' लिहिलं.
मी सवयीनं लाल पेन काढलं
आणि परत ठेवलं.

मग शब्बीर तुंगेकर.
चौतीस वर्षं भाऊच्या धक्क्यावर बर्फाचा टेम्पो,
तळहात अजून पांढुरके.
"डॉक्टरनं ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, बाई.
मला नुसते ठिपकेच दिसले.
तुमच्याकडे डोळे तपासतात?"
नाही, म्हटलं.
"मग बसतो."

संपलेल्या लायसन्सवर पत्ता :
खोली चौदा, बाटलीवाला चाळ, शिवडी.
चाळ पाडून तिसरं वर्ष.
"मुद्दाम बदलला नाही.
कार्डावर तरी उभी आहे ना."
मग आवाज खाली आणून,
"इथं बदलला तर तिथला हक्क जाईल काय?"
मी म्हटलं, बहुतेक नाही.
'बहुतेक' त्यांनी नीट ऐकलं,
बर्फाला तडा गेल्याचा आवाज ऐकावा तसं.

फॉर्मवर 'सर्वसाधारण रहिवास' अशी ओळ आहे.
"म्हणजे?"
म्हणजे जिथं रात्री झोपता.
ते हसले. "झोपतो म्हणजे, पडतो.
ट्रान्झिट कॅम्प, प्रतीक्षानगर."
आम्ही दोघंही त्या नावाशी जरा थांबलो.
मागून कुणीतरी ओरडलं,
सत्तावीस नंबर कोण, सत्तावीस!

सही उर्दूत केली, आणि विचारलं, चालेल ना?
तुमची आहे ना, मग चालेल.
पोचपावती घडी करून
बाद लायसन्सच्याच पाकिटात ठेवली.

टेम्पो बाहेर उभा होता. पुतण्या चालवायला.
तुंगेकर आधी सवयीनं उजव्या दाराशी गेले,
मग पुढून वळसा घालून डावीकडे.
टेम्पो हलला. गेटाशी स्पीडब्रेकर आला
तेव्हा मला त्यांचा गुडघा दिसला,
नसलेल्या ब्रेकवर दाबलेला.

संध्याकाळी फॉर्म मोजताना सापडलं :
नव्या पत्त्याच्या रकान्यात
त्यांनी पुन्हा 'खोली चौदा' लिहिलं होतं
आणि स्वतःच खोडलं होतं,
एकदाच, हलक्या रेघेनं,
वाचता येईल इतपत.

खाडाखोड असली की नवा फॉर्म घ्यायचा,
असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं.
मी रेघेशेजारी माझी सही केली,
तारीख घातली,
आणि टेबल उचलायला झेरॉक्सवाल्याला हाक मारली.