दातातली ढील

उद्यमनगरात, दस्तगीर मुजावरांच्या लेथवर
कॅमेऱ्याच्या बैठकीचं चक्र कातलं.
तीनशे साठ दात.
वर दुर्बीण बसणार,
समुद्राकाठी कुठंतरी
रॉकेटमागं मान फिरवायला.

रॉकेट आम्हाला कोण दाखवतंय?
म्हणून गच्चीवरनं
उजळाईवाडीचं संध्याकाळचं विमान धरलं.
काचेतल्या फुलीवर नाक आलं
आणि केसभर निसटलं.
"दातात ढील हाय," दस्तगीरभाई म्हणाले,
चहा तसाच ठेवून खाली गेले.

मी हँडल सोडलं नाही.
विमान ढगात.
फुलीत आता पंचगंगेकडनं आलेली घार,
पाचट जाळल्याचा धूर
पोटाखाली घेऊन, पंख न हलवता.
तिच्यामागं चक्र फिरत राहिलं,
कुठंच अडखळलं नाही.

की तीच थांबत होती
दर दाताला,
केसभर?