आडोसा

नियेवेस, तुझं पाकीट फाटून आलं.
टपालातल्या पोरीने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं,
विचारलं, आत बंदुकीची दारू आहे का?
म्हटलं, माती आहे.
तिने असं पाहिलं
जसं काही आमच्या वार्डोत मातीच नाही.

फारशी नाहीच म्हणा.
खडक आहे, मासळीचा वास आहे, आणि वारा,
जो झाड उगवू देत नाही;
उगवलंच, तर गुडघ्याएवढं असतानाच
त्याला म्हातारं करतो.

गेल्या वर्षी तू फोटो पाठवलास.
काळ्या राखेत कमरेइतकं खोल आळं,
आळ्यात एकच वेल,
वाऱ्याच्या अंगाला अर्ध्या चंद्रासारखा गडगा.
मागे लिहिलं होतंस:
लान्सारोतेत पाऊस पाहुण्यासारखा येतो,
तोही उभ्या उभ्या.
रात्रीचं दव राख पिऊन ठेवते
आणि वेल तिच्याकडून उसनं घेते.

मला वाटलं, दोघींचा वैरी तर एकच.
मीही खणलं आळं, रचला गडगा,
रुबार्बची मुळी आत बसवली.
शेजारचा एइविन कुंपणावर रेलून म्हणाला,
किल्ला कुणासाठी, टोर्ब्यर्ग?

नोव्हेंबरात सूर्य गेला.
आमचा बर्फ पडत नाही, आडवा धावतो,
तू पाहिलायस.
फिलेच्या कारखान्यातून पहिल्या पाळीनंतर बाहेर आलीस
आणि तोंड उघडं टाकून उभी राहिलीस.
नावाचा अर्थच हिम,
आणि तेविसाव्या वर्षापर्यंत हिम पाहिलेलं नाही!
अख्खी पाळी हसली होती. मीही.

तर, गडग्याने वारा अडवला.
अडलेला वारा
हातातलं सगळं तिथेच टाकून देतो.
मे सरत आला, रात्रीही ऊन पडू लागलं,
सगळ्यांच्या वाफ्यांना वाफसा आला,
आणि माझ्या आळ्यात
छातीएवढा बर्फाचा ढीग, मळका, हट्टी.
तुला एक पत्र लिहिलं:
तुझा गडगा तुझ्याकडेच ठेव.
ते टाकलं नाही. तिकीट नव्हतं घरात.

मग एके सकाळी एइविन वाटेवर दिसला.
हातात रुबार्बचा गड्डा,
उकडल्यासारखा मऊ, पाणी गळणारा.
फेब्रुवारीत मधेच पाऊस झाला होता,
त्यानंतर उघड्या जमिनीवर कडाक्याचं गोठलं.
त्याच्या आईने लावलेलं झाड होतं ते.
कुठे टाकावं हे न कळून
तो बराच वेळ तसाच उभा होता.

त्याच दिवशी तुझं पाकीट.
वाचलं: माझे निळे बटाटे तू लावलेस,
आणि वाळवंटाकडून धूळ आली,
तीन दिवस आभाळ पिवळं,
शेळ्या स्वयंपाकघरात.
नऊ संध्याकाळी भांडी विसळलेलं पाणी घातलंस.
निघाले अकरा, जर्दाळूएवढे.
सालीसकट, मिठाच्या पाण्यात
सुरकुत्या पडेपर्यंत उकडून खाल्लेस.
अकरासुद्धा पुष्कळ झाले, बाई.

राख दोन चमचे असेल.
काय करावं कळेना,
ढिगावर टाकली, बरोबर मधोमध.

मध्यरात्री कोट चढवून गेले.
सूर्य एइविनच्या छपराएवढा उंच.
इतर बर्फ होता तसाच,
पण राखेखाली तो खचला होता, भांड्यासारखा.
तुझ्याकडे जी पाणी धरते
ती इथे पाणी सोडवत बसली होती.
चार रात्री मी भांडं खोल होताना पाहिलं.
पाचव्या रात्री तळाशी
काहीतरी लाल, चुरगळलेलं,
नुकत्या जन्मलेल्या पोराच्या कानासारखं.

एइविनला सांगितलंय,
सप्टेंबरात मुळीचा तुकडा देईन,
आधी गडगा रच.
दगड गोळा करतोय. अजून हसत नाही,
पण अर्धा चंद्र कुठल्या बाजूने, हे विचारून गेला.

राख आणखी पाठव.
पाकिटातून नको.
डब्यातून.