चाचणीचा चौथा दिवस

निपाणीच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात
चाकांवरून येतं ते, गुडघ्याएवढं.
आधी कन्नडात विचारतं, "ऊट आयता?"
मग आम्ही शिकवलेल्या पुस्तकी मराठीत,
"आपण जेवलात का?"

तंबाखूच्या वखारीत हयात गेलेली आक्काताई चौगुले
भिंतीकडे तोंड करून :
"आपण म्हणे! कुणाच्या घरचं पोर हे?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर उठली.
आंबिलीचे चार घोट, भाकरीचा चतकोर.
मी लिहिलं : प्रतिसाद चांगला.

"कशाचा चांगला," ती हळूच म्हणाली,
"बाळव्वाला आत्ता कुठं डोळा लागलाय.
हे गप बसावं म्हणून खाल्लं की."

मी खोडलं नाही.

रात्री चार्जिंगला लावलेल्या त्याच्या
निळ्या डोळ्यांवर तिनं टॉवेल टाकला होता,
नाकापाशी
फट ठेवून.