काठापर्यंतच

दस्तगीर नदाफनं ट्रॉली गल्लीत मागं मागं घातली,
येमुलांच्या नळाला घासून,
आणि फाळका सोडायच्या आधीच बोलला:
वहिनी, नीट ऐकून घ्या, मग भांडण नको.
विटा चालतात. माती, गिलावा, शहाबादीचे तुकडे,
चौकट चालते, खिळे काढलेली असली तर.
सिमेंटचा पत्रा नको, त्याची धूळ छातीत बसतीय.
ट्यूब नको. बॅटरी नको. गादी तर मुळीच नको,
गादी पाणी पितीय अन् वजन माझ्या ट्रॅक्टरला.
आणि काठापर्यंतच. वर एक घमेलं गेलं
की अशोक चौकात पोलीस नाव विचारतो,
माझं. तुमचं नाही.

बाराशे रुपये. उद्या दिवेलागणीपर्यंत.

कारखान्याची खोली पाडत होतो.
चारही माग भंगारवाल्यानं किलोवर नेले,
उरल्या भिंती, कमरेपर्यंत तेलानं काळ्या,
आणि कोपऱ्यात निळ्या रंगाचं पिंप,
तळाशी चार बोटं, वाळून खपली धरलेलं.
ते फाळक्याशी आणलं तर, हे काय ओ?
रंग आहे, म्हटलं. चादरीचा.
रंग नसतंय हे वहिनी, औषध असतंय.
मागं एकाचं टाकलं मी खाणीत,
तिथल्या म्हशी आठ दिवस निळं शेण टाकत होत्या.
खरं-खोटं त्यालाच माहीत.
पिंप परत कोपऱ्यात गेलं,
पाडायला काढलेल्या खोलीच्या.

रात्री कुणीतरी आमच्या ट्रॉलीत गादी टाकली.
सकाळी बघते तर विटांवर आडवी, फुलाफुलांची,
मधोमध खोलगट, एका पाठीएवढी.
गल्लीला ठाऊक होतं कुणाची.
अंबव्वा जाऊन महिना झाला नव्हता,
तिची सून समोरच्या पायरीवर
दात घासत राहिली, घासतच राहिली.
नवरा म्हणाला, तो यायच्या आत वर माती टाकू या.
मी म्हटलं, हिच्यावर पुन्हा माती?

दुपारी फरशी उचकटली.
तिसऱ्या फरशीखाली पहार आतच गेली.
मामंजी सांगायचे तो खड्डा, वीज यायच्या आधीच्या मागाचा,
पाय सोडून बसायचे त्यात, दोन दिवसांत एक लुगडं.
बावीस वर्षं आम्ही त्याच्यावरनं चाललो,
त्याच्यावर मशीन खडखडलं,
त्याच्यावर लेक रांगली.
आत एक धोटा होता, टोक झिजलेला,
आणि मे महिन्यातही गार हवा.

तिन्हीसांजेला दस्तगीर आला. आधी ट्रॉली बघितली:
काठाच्या वर वीतभर.
मग आत येऊन खड्डा बघितला, डोळ्यांनीच मापला.
चाळीस घमेली बसतील की ओ.
बाहेर काढलेली भिंत आम्ही परत आत घेतली,
हातोहात, तेलाचा भाग खाली,
मामंजींचे पाय होते तिथपर्यंत.
धोटा चालतो का नाही, ते मी त्याला विचारलं नाही.

मग त्यानं गादी उचलली. कुणाची?
कुणाचीच नाही, म्हटलं.
शिवण उसवून बोट घातलं, चिमूट काढून नाकाशी नेली.
कापूस आहे. माझा बाप पिंजायचा असला.
ट्रॉलीत नाही घातली. नको म्हणजे नको.
मडगार्डवर बसवली दोरीनं बांधून,
सोबतीला कुणी बाई घ्यावी तशी,
आणि गेला.

पिंप अजून आहे.
महापालिकेत फोन केला,
म्हणाले, नोंद घेतली.